थांबवायच्या गोळ्या

भोईवाडा, परळ
रविवार, १२ जानेवारी २०२५

ती. सुभद्राताईंना कालिंदीचा नमस्कार,

पिशवीत हिरवा ब्लाऊज आहे, त्याचं काही करायचं नाही. तो फक्त या पत्रावर पांघरूण आहे. भावोजी दर रविवारी इकडे येतात आणि जाताना पिशवी नेतात, पण तुमच्या शिवणाच्या पिशवीत हात घालणार नाहीत याची मला खात्री आहे. फोनवर बोलायचं तर तुमच्या एका खोलीत आई, भावोजी आणि तुमची नूपुर. तुम्ही "हां हां" करत बसणार आणि मी एकटीच बडबडणार. म्हणून लिहिते. मोठी जाऊ म्हणून तुम्हाला नाही विचारणार तर कुणाला विचारणार?

ताई, मी फार दमलेय. वर्षभर माझ्या पाळीचं काही ठिकाणावर नाही. कधी वीस दिवसांत येते, मग दोन महिने पत्ता नाही, आणि दिवाळीपासून आली की अकरा-बारा दिवस जातच नाही. गाठी पडतात. ओटीपोटात असं दुखतं की टेबलाची कड धरून उभी राहते. गेल्या मंगळवारी शाळेच्या ऑफिसात खुर्चीवरून उठले आणि खुर्ची खराब झालेली. आमच्या ऑफिसात विनिफ्रेड म्हणून आहे, रे रोडची, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तिने हजेरीपट आणून त्या खुर्चीवर ठेवला आणि मला म्हणाली, "जा, धुवून ये. मी हितं बसते." मला बाथरूममध्ये जाऊन रडू आलं. दुखत होतं म्हणून नाही, नुसता कंटाळा आला म्हणून.

तुमच्या दिराला, सुशांतला सांगितलं तर तो म्हणतो, "डॉक्टरकडे जा ना." म्हणजे त्याच्या बाजूने विषय संपला. शाळेचं स्नेहसंमेलन महिनाअखेरीला आहे, त्या दिवशी उभं राहायचं आहे सकाळपासून.

तुमची जाताना असंच झालं होतं का? सेहेचाळीसला हे चालायचंच का? आईंना यातलं काही कळू देऊ नका.

तुमची
कालिंदी


नायगाव
शनिवार, १८ जानेवारी २०२५

चि. सौ. कालिंदी, खूप आशीर्वाद.

अगं वेडाबाई, एवढं घाबरायचं काय त्यात? बायकांचं जायचं वय झालं की असंच हिसके देत जातं. मला तर दोन वर्षं नाचवलं. एकदा हळदीकुंकवाला गेले आणि पाटावरून उठायचीच सोय राहिली नाही, सगळ्या बायका जाईपर्यंत बसून राहिले. शेजारची म्हणाली, सुभद्रेला आमचं घर फार आवडलं. गूळ खा, खजूर खा, पाय वर करून झोप. जाईल.

आता तुला एक सांगते, ते तुझ्या पोटातच ठेव. माझी परत आलीय. पुरती गेली होती, दीड वर्ष झालं होतं. दिवाळीनंतर अचानक थोडं थोडं दिसायला लागलं. तुझ्यासारखं नाही, नुसते डाग, मधूनमधून पोट धरतं. मी म्हटलं, जाताना काही विसरली असेल, ते न्यायला आली.

पण घरात सांगायचं कसं? तुला माहीतच आहे. अठ्ठावीस वर्षं या घरात मी देवाच्या स्वयंपाकाकडे लांबूनच पाहिलं. गणपती-गौरीचं सगळं आईंनी केलं, आपण दोघींनी नुसतं वाटण वाटायचं आणि बाजूला व्हायचं. मागच्या वर्षी त्यांचे हात चालेनात, तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, "तुझी गेली मा? वरीस झाला मा? मगे देवाचा आता तू कर." त्या दिवशी गौरीचं घावन-घाटलं मी केलं. अख्ख्या मजल्यावरच्या बायका बघायला आल्या होत्या. तुला हसू येईल, पण मला लग्नात वाटलं नव्हतं तेवढं त्या दिवशी वाटलं की हे घर माझं आहे.

आता परत आली म्हणून सांगितलं तर ते गेलंच. शिवाय इतके दिवस संकष्टी, मार्गशीर्षातले गुरुवार सगळं माझ्याच हातचं झालंय. आईंच्या कानावर हे गेलं तर त्या अन्न सोडतील. म्हणून मी मेडिकलमधून त्या थांबवायच्या गोळ्या आणते, आपण सत्यनारायणाला घेतो त्याच. घेतल्या की बंद होतं. गोळीने थांबतं म्हणजे पाळीच की, दुसरं काय असणार? माघी गणपतीला पण घेणार आहे.

तुझ्यासाठी एक पाकीट हिरव्या ब्लाऊजच्या बाहीत घातलंय. स्नेहसंमेलनाच्या आधी चार दिवस सुरू कर.

तुझी
सुभद्राताई


भोईवाडा
रविवार, २ मार्च २०२५

ताई,

दीड महिना पत्र नाही म्हणून रागावला असाल. आता बसून लिहिता येतंय.

तुमच्या गोळ्या घेतल्या. स्नेहसंमेलन छान झालं, दिवसभर उभी होते, एक डाग नाही. मनात म्हटलं, ताई देवीच आहे. गोळ्या बंद केल्या आणि चौथ्या दिवशी जे सुरू झालं ते नऊ दिवस. तासाला एक पॅड पुरेना. नवव्या दिवशी शाळेच्या जिन्यात डोळ्यांपुढे अंधार आला आणि बसले ती बसलेच. विनिफ्रेडने मला काखेत धरलं. मी म्हणत होते, घरी जाते, पडते जरा. ती म्हणाली, "एक शब्द बोलू नको. मला आई होती, तीपन असंच म्हनायची." टॅक्सीत घालून परळच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेली.

रक्त साडेसातवर आलं होतं. दोन बाटल्या चढवल्या. घरच्यांना आम्ही सांगितलं की अपचन झालं. फक्त सुशांतला खरं माहीत आहे, आणि तो हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडला, हे मी सांगितलं असं त्याला कळू देऊ नका.

डॉक्टरीणबाईंनी आधी काय केलं असेल? दिवस गेलेत का, याची तपासणी. सेहेचाळीसाव्या वर्षी! मला हसू आलं तर म्हणाल्या, पाळी कशीही वागत असली तरी पुरती जाईपर्यंत भरवसा नाही, आधी ते बघायचंच. मग सोनोग्राफी, थायरॉइड. पिशवीला एक गाठ आहे, लिंबाएवढी, साधी. आतलं अस्तर थोडं जाड होतं म्हणून त्याचा तुकडा काढून तपासला, तो चांगला आला. माझं दुखणं त्या गाठीचं, आणि पाळीचा गोंधळ बराचसा वयाचा. लोहाच्या गोळ्या दिल्यात आणि दुसऱ्या एका औषधावर ठेवलंय. वयामुळे होतं हे तुम्ही म्हणालात ते खोटं नव्हतं. पण वयामुळेच आहे की आणखी कशामुळे, हे तपासल्याशिवाय कळत नाही, आणि इतकं जाणं तर वयाच्या नावावर सोडायचं नसतं.

आता मुद्द्याचं. मी त्यांना त्या गोळ्यांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, गोळीने थांबलं यावरून काहीच सिद्ध होत नाही, गोळी सगळंच थोपवते, खालचं कारण तसंच राहतं. मग मी सहज म्हटलं, माझ्या जावेची तर दीड वर्षाने परत आली. त्या लिहीत होत्या, त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "बारा महिने गेल्यावर पाळी परत येत नाही. त्यानंतर एक डाग जरी दिसला तरी ती पाळी नाही, दाखवायलाच हवं. बहुतेक वेळा साधंच काही निघतं. पण पिशवीच्या कॅन्सरची पहिली खूण पण हीच असते. त्यांना घेऊन या."

ताई, मी हात जोडते. या आठवड्यात चला.

कालिंदी


नायगाव
शनिवार, ८ मार्च २०२५

चि. कालिंदीस आशीर्वाद.

माझ्या गोळ्यांनी तुझं असं झालं, हे मी चारदा वाचलं. माझी अक्कल मी माझ्याजवळ ठेवायला हवी होती. मला माफ कर.

माझं विचारशील तर माघी गणपतीनंतर एक थेंब नाही. पुरतं बंद झालंय. तेव्हा तुझ्या डॉक्टरणीला सांग, जाऊ ठणठणीत आहे. त्यांना काय, कॅन्सर हा शब्द चहासारखा विचारतात येणाऱ्या-जाणाऱ्याला.

आणि समज, आले मी. केसपेपर काढायचा, सोनोग्राफी, फेऱ्या. घरात विचारतील कशासाठी. हे कधी माझ्याशी खोटं बोलले नाहीत, मी त्यांना काय सांगू? आणि आईंना? ब्याऐंशी वर्षांच्या बाईला सांगू की तुमच्या देवाला मी बाटवला? तू म्हणशील, तब्येत मोठी की नैवेद्य. तुला सोपं आहे, तू भोईवाड्यात वेगळं बिऱ्हाड करून राहतेस. मला या खोलीत त्यांच्या पायाशी झोपायचं असतं.

हा विषय इथे बंद. तुझ्या निळ्या ब्लाऊजची बाही आत घेतलीय. हडकलीस फार.

ताई


भोईवाडा
रविवार, १३ एप्रिल २०२५

ताई,

तुमचा विषय बंद. माझंच सांगते. मंगळवारी बावीस तारखेला मला परत बोलावलंय, सोनोग्राफी करून पुढचं ठरवणार आहेत. विनिफ्रेड ईस्टरला बहिणीकडे गेली की लवकर येत नाही, आणि सुशांतला मशीनचं नाव ऐकूनच घाम फुटतो. मला एकटीला भीती वाटते. पिशवीच काढायची म्हणाल्या तर मी तिथे एकटी काय करू?

तुम्ही याल का? नुसत्या शेजारी बसा. घरी माझं नाव सांगा, म्हणजे खोटंही नाही. सकाळी आठला गेटजवळ थांबते.

कालिंदी


नायगाव
शनिवार, २६ एप्रिल २०२५

कालिंदी,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलंय.

मी तुझ्यासाठी आले होते. डब्यात तुझ्या आवडीचं काकडीचं गोड धोंडास आणलं होतं. दोन तास तुझी पर्स मांडीवर घेऊन त्या बाकावर बसले, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला सांगत होते, माझी धाकटी जाऊ आहे, तिचं दाखवायचंय. आणि सिस्टर ओरडली, "सुभद्रा राजाराम परब." मला वाटलं, माझ्या नावाची दुसरी कोणी असेल. तुझ्याकडे पाहिलं तर तू रडत होतीस. तुझ्या हातात माझ्या नावाचा केसपेपर होता. सकाळी सहाला रांगेत उभी राहून काढलास म्हणे. शाबास.

मी उठून निघून जाऊ शकले असते. गेले नाही, कारण तीस बायका बघत होत्या. आत बसलेली डॉक्टर आपल्या नूपुरपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल. तिने खाली मान घालून विचारलं, "मावशी, शेवटची पाळी कधी?" मी म्हटलं, दोन वर्षांमागे, मे महिन्यात. "आणि त्यानंतर पहिल्यांदा कधी दिसलं?"

तुला मी दिवाळीनंतर असं लिहिलं होतं. ते खोटं. त्या पोरीला मी खरं सांगितलं, ते आता तूही ऐक. गौरीच्या दिवशी. घावन तव्यावर होतं. मला खाली ओलं लागलं आणि कळलं. मागे दारात बायका उभ्या होत्या, आई पाटावर बसून बघत होत्या. मी घावन उलटलं. पुढचं घातलं. सगळा नैवेद्य केला, पानं वाढली, गौरीपुढे ठेवली आणि मग मजल्याच्या टोकाच्या संडासात जाऊन बघितलं. तेव्हापासून ते थांबलेलं नाही. गोळ्या घेते तेवढंच थांबतं. मार्चमध्ये तुला लिहिलं की बंद झालंय, त्या दिवशीसुद्धा मी गिऱ्हाइकाच्या अस्तराचे तुकडे घेऊन बसले होते. कपड्याला कपडा लावून आठ महिने काढलेत, कालिंदी. एका खोलीत चार माणसांत. धुतलेले तुकडे परकराच्या आत वाळत घालायचे. मला किती कंटाळा आलाय, हे तुला सांगायची सोय नव्हती, कारण तुला वाटत होतं मी मोठी.

तिने नळी घालून आतला तुकडा काढला, तेव्हा जीव कळवळला. बाहेर आल्यावर तू चहा आणलास, मी घेतला नाही. तो राग अजून आहे.

घरी सांगितलंय, कालिंदीचं सगळं ठीक आहे. रिपोर्ट आणायला मी जाणार नाही.

सुभद्रा


भोईवाडा
रविवार, ११ मे २०२५

ताई,

हे पत्र भावोजींच्या पिशवीत देत नाही. स्वतः घेऊन आलेय. दारात तुमच्या हातात देऊन मी खाली जिन्याजवळ थांबते. वर आईंसमोर मला बोलता येणार नाही, आणि फोनवर सांगायची ही गोष्ट नाही.

रिपोर्ट मी आणला. तुमचा तुकडा चांगला आला नाही. पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर आहे. मी तो शब्द दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलाय, कारण तुम्हाला पुढे-मागे करून सांगितलेलं आवडत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी तपासण्या होतील, पण सुरुवातीचा दिसतोय, पिशवी काढून टाकली तर बऱ्याच बायका पुढे नीट राहतात. म्हणाल्या, डाग दिसतात म्हणूनच हा लवकर सापडतो, जी येते ती वाचते. पण आता थांबायचं नाही.

मी तुम्हाला फसवलं. केसपेपरवर तुमचं नाव मीच घातलं. परत वेळ आली तर परत घालेन. तुम्ही जन्मभर माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल, पण तो जन्म असू दे.

घरी आता सांगावं लागेल. तुम्ही सांगता की मी सांगू, एवढंच ठरवा. वाचून झालं की खाली या. मी आहे. सुशांत पण आहे, तो कोपऱ्यावर उभा आहे, तुम्हाला लाज वाटेल म्हणून पुढे आला नाही.

कालिंदी


नायगाव
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

चि. सौ. कालिंदी, तुला उदंड आशीर्वाद. मागच्या पत्रातला पण यात धर.

तू रोज येऊन जातेस, मग पत्र कशाला, असं म्हणशील. पण तू आलीस की भांडी घासतेस, नाहीतर माझ्या गोळ्या मोजतेस. बोलणं राहून जातं. शिवाय लिहायची सवय लागलीय.

टाके आता ओढत नाहीत. रेडिएशनच्या शेकाची पाचवी, शेवटची खेप झाली, काल त्या डॉक्टर पोरीने तपासून परत सांगितलं की पहिल्या पायरीवरच होतं, आतल्या आतच. आता दर तीन महिन्यांनी जायचं. अंगात मात्र त्राण नाही. दहा मिनिटं उभी राहिले की भिंत धरते. मशीनवर कापड ठेवलं, तसंच आहे.

आईंचं तुला सांगायचं राहिलं. हॉस्पिटलात भरती व्हायच्या तीन दिवस आधी मी त्यांना सगळं सांगितलं, गौरीच्या घावनासकट. हे बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले. आई तीन दिवस नूपुरच्या हातचं जेवल्या, माझ्याकडे पाठ करून झोपल्या. मी मनाची तयारी केली होती. निघायच्या आदल्या संध्याकाळी पिशवी भरून बसले होते, ताट पुढ्यात होतं, पण घास जाईना. तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या, "संकष्टीक पण?" मी म्हटलं, हो. "मार्गशीर्षात?" हो. "आणि गवरीक, घावन तव्यार असताना?" हो, आई. भाजी गार झाली. त्या वळल्या आणि म्हणाल्या, "गवर जेवली ती जेवली. आता तू जेव."

मी जेवले. एवढी भूक लागली होती मला, त्या दिवसापर्यंत कळलंच नव्हतं.

आता कामाचं. बुधवारी गणपती येतोय, रविवारी गौर, सोमवारी तिचा नैवेद्य. माझी तर आता पिशवीच नाही, माझ्याइतकं सोवळं माणूस या मजल्यावर शोधून सापडणार नाही. पण शेगडीपुढे उभं राहायची ताकद नाही. मी आईंना म्हटलं, यंदा कालिंदी करेल. त्यांनी लगेच विचारलं, "तिची गेली?" मी म्हटलं, नाही गेली. औषधावर आहे, कधी येते, कधी नाही, तिचा तिलाच नेम नाही. पण नैवेद्य तीच करणार. त्या जपमाळ ओढत राहिल्या. मग माळ खाली ठेवून म्हणाल्या, "हळदीची पाना ताजी आणूक सांग तिका."

तेव्हा पानं दादरहून घेऊन ये. घाटल्याला गूळ मी काढून ठेवलाय. मी पाटावर बसून सांगत जाईन, तू करत जा. घावन पहिलं फाटतंच, घाबरू नकोस.

हे पत्र ब्लाऊजखाली लपवलेलं नाही. वरच ठेवलंय, यांना सांगूनच पिशवीत घातलंय.

आणि एक. सोमवारी आलेली असली तरी ये. गोळी घेऊन येऊ नकोस.

तुझी
सुभद्राताई